किल्ली गादीखाली आहे

समुपदेशन केंद्राच्या अर्जावर तीन चौकोन होते: एकट्यासाठी, जोडप्यासाठी, कुटुंबासाठी. बोलकीने मधल्या चौकोनात खूण केली, आईवडिलांची वयं, लग्नाला झालेली वर्षं असं सगळं भराभर लिहिलं आणि ‘काही विशेष गरज असल्यास’ या ओळीपुढे लिहिलं: वडिलांना ऐकू येत नाही, दुभाषी म्हणून मुलगी सोबत बसेल. अर्ज भरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दवाखान्यापासून वीज कार्यालयापर्यंत घरातले सगळे अर्ज ती शाळकरी वयापासून भरत आली होती.

समुपदेशक बाईंनी अर्ज वाचला आणि शेवटची ओळ पेनाने खोडून टाकली.

“घरातलं माणूस दुभाषी म्हणून आम्ही बसवत नाही.”

“आमचं जरा वेगळं आहे मॅडम,” बोलकी म्हणाली. “बाबांच्या खुणा अर्ध्या शाळेतल्या आणि अर्ध्या घरातल्या. बाहेरच्या माणसाला नाही कळायच्या.”

“कर्णबधिर शाळेतले एक सर येतात आमच्याकडे. त्यांना थोडा वेळ लागेल, पण कळेल. तुम्ही बाहेर बसा. गरज पडली तर तिघांना एकत्र घेऊ.”

बोलकी खोडलेल्या ओळीकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, मुलगी आईवडिलांच्या काळजीने पांढरी पडली. काळजी होतीच, पण ती वेगळीच होती, आणि ती समजायची तर जरा मागे जावं लागेल.

बोलकी हे तिचं नाव नव्हे. शेजाऱ्यांनी ते पाडलं, कारण दोघांचं बोलणं ही एकटी बोलायची. वडील एका छापखान्यात बाइंडिंग करत. तिथल्या यंत्रांच्या घरघरीने बाकीच्यांची डोकी उठायची, यांना त्याचा पत्ता नसे. आई घरातच पाळणाघर चालवायची. चौदा पोरं आणि त्यांच्या वरताण तिचा आवाज. लग्न ठरवताना वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की मुलाला थोडं कमी ऐकू येतं. ते ‘थोडं’ म्हणजे पुरतं निघालं. मग तिने अडेल तेवढ्या खुणा शिकून घेतल्या. जेवा, चला, दुखतंय का, किती वाजता, दिवा बंद करा. वडील शाळेत चौथीपर्यंत गेलेले. नावं, तारखा वाचत, पण लांब वाक्य आलं की गाडी अडायची. एवढ्या सामानावर संसार चालतो, भांडण चालत नाही. भांडायला भाषा लागते. ती भाषा दोघांनी मिळून जन्माला घातली आणि तिला शाळेत घातलं.

सात वर्षांची असताना एकदा आई स्वयंपाकघरात कडाडली, “सांग तुझ्या बाबांना, फसवून बांधलंय मला यांच्या गळ्यात. जन्मभर सोसतेय.” पोरीने वडिलांकडे पाहिलं. तिला ‘फसवून’ची खूण येत होती, ‘जन्मभर’चीही येत होती. पण तिचे हात म्हणाले, ‘आई दमलीय.’ वडील लगेच उठले, त्यांनी आईच्या हातातली बादली घेतली आणि फरशी स्वतः पुसून काढली. आई गप्प झाली. रात्रीचं जेवण शांतपणे झालं. सात वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं?

त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. आईचं धारदार बोलणं हातांतून जाताना बोथट व्हायचं आणि वडिलांचं तोंडातून. अडचण एकच होती. वडिलांना शब्द ऐकू येत नसले तरी बायकोचा लाल झालेला चेहरा दिसत होता. एवढा राग आहे तर तो कुणावर तरी असायला हवा. मग बोलकीने वरच्या मजल्यावरच्या काकूंना कामाला लावलं. काकूंनी पाणी सांडलं, काकू टोचून बोलल्या, काकूंनी पाळणाघराबद्दल तक्रार केली. उलट बाजूने वडिलांचे हात रागाने हवेत आपटायला लागले की छापखान्यातला सुपरवायझर होताच. त्या बिचाऱ्या दोघांनी या घराचं वीस वर्षांचं भांडण आपल्या अंगावर घेतलं आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

बोलकी मोठी झाली, औषधाच्या दुकानात लागली, सव्वीस वर्षांची झाली. दोन वर्षं खटपट करून दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या औषध विभागात तिने नोकरी मिळवली. हजर व्हायची तारीख ठरली. आणि घरात ती बातमी सांगितली त्याच संध्याकाळी आई म्हणाली, “सांग ह्यांना, तू गेलीस की मी पण जाते. बहिणीकडे, कायमची. ह्या मुक्या घरात मी काय भिंतींशी बोलू?”

बोलकीच्या हातांना वीस वर्षांची सवय. ते म्हणाले, ‘मी गेल्यावर आईला करमणार नाही. पंधरा दिवस मावशीकडे जाऊन येईन म्हणते.’

वडिलांनी हसून मान हलवली. खुशाल जा, आराम कर, त्यांनी स्वतःच आईला खुणेने सांगितलं. या साध्या खुणा आईला येत होत्या. तिला दिसलं ते एवढंच: हसत हसत जा म्हणाले. मग मुलीच्या जाण्याची वाट तरी कशाला बघायची?

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि पाळणाघरातल्या पालकांना शुक्रवारपर्यंत दुसरी सोय बघायला सांगितलं. आता हे प्रकरण बोलकीच्या अंगाशी आलं. खरं सांगावं तर वीस वर्षांची मखलाशी उघडी पडते, न सांगावं तर आई जाते आणि वडील पंधरा दिवसांनी दारात तिची वाट बघत बसतात. समुपदेशनाची कल्पना तिला यातूनच सुचली. बाई चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतील, आपण मध्ये बसून त्या दोघांपर्यंत नीट पोचवू, कुठे काही कमीजास्त झालं तर हात आहेतच सावरायला. असा तिचा सगळा बेत होता, आणि तो बाईंच्या पेनाच्या एका रेघेने मोडला.

मंगळवारी तिघं केंद्रात आली. जोडप्यांच्या खोलीत एरवी तीन खुर्च्या असत, आज चौथी आणली होती. दुभाषी सरांनी आधी खिडकीचा उजेड पाहिला. मग त्यांनी आपली खुर्ची आईच्या शेजारी, वडिलांच्या समोर ओढून घेतली, म्हणजे वडिलांना एका नजरेत बायकोचा चेहराही दिसावा आणि सरांचे हातही. सरांचा शर्ट साधा, गडद रंगाचा होता. हात उठून दिसावेत म्हणून तसाच घालतात ते. वीस वर्षांत हे बोलकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती नेहमी दोघांच्या मध्ये उभी राहायची, तिला बघताना वडिलांना आई दिसायचीच नाही.

दार लागलं. बोलकी बाहेर बाकावर बसली. दाराला वीतभर रुंदीची काच होती. आतला आवाज बाहेर येऊ नये याची केंद्राने चोख व्यवस्था केली होती आणि इतर कुठल्याही घरासाठी ती पुरली असती. या घराचं निम्मं बोलणं मात्र काचेतून आरपार दिसत होतं. आपण बघू नये हे बोलकीला कळत होतं. तिने दोन मिनिटं भिंतीवरचा तक्ता वाचला. मग उठून काचेपाशी उभी राहिली.

सुरुवातीला सर अडखळत होते. वडिलांनी एखादी घरातली खूण केली की ते हात वर करून थांबवत आणि पुन्हा विचारत. वडीलही न कंटाळता समजावत होते. पाहता पाहता गाडी रुळाला लागली, आणि सरांच्या हातांतून आईचं बोलणं बोलकीला जसंच्या तसं दिसायला लागलं.

‘तुम्ही हसत जा म्हणालात. एकदाही थांब म्हणाला नाहीत.’

‘पंधरा दिवस बहिणीकडे जाणाऱ्या माणसाला थांब कशाला म्हणायचं?’ वडील म्हणाले.

‘पंधरा दिवस कोण म्हणालं? मी कायमची चाललेय.’

वडिलांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तसेच राहिले. मग त्यांनी सरांनाच विचारलं, ‘तुम्ही बरोबर सांगताय ना?’ सरांनी मान हलवली. वडिलांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नंतर त्यांनी विचारलं, ‘कशामुळे? वरच्या मजल्यावरच्या बाईमुळे?’

सरांनी ते आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

‘तिचा काय संबंध?’

‘तिने तुला एवढा त्रास दिला. मी अकरा वर्षं तिच्याकडे बघितलं नाही. जिन्यात भेटली तर मान फिरवतो. तुझ्यासाठी.’

आईने कपाळावर हात मारला. ‘अहो, ती माझी मैत्रीण आहे. दुपारी पोरं झोपली की रोज येऊन बसते. मला विचारते, तुझा नवरा माझ्यावर का फुगलाय. मी म्हणते, त्या सुपरवायझरच्या रागात असतो तो.’

‘कुठल्या सुपरवायझरच्या? तो माझा मित्र आहे. शाळेपासूनचा.’

सरांनी हे बोलून दाखवलं. मग आई आणि वडील दोघांनी एकाच वेळी मान वळवून दाराच्या काचेकडे पाहिलं. बोलकीला मागे सरायचंही सुचलं नाही. सर उठले आणि त्यांनी काचेवरचा पडदा ओढला.

पुढची वीस मिनिटं बोलकीने बाकावर काढली. परीक्षेत नापास झाल्यावर घरी जाताना वाटते तशी भीती तिला वाटत होती, फक्त यावेळी घर दाराच्या पलीकडेच होतं. बाबा रागावतील याचं तिला काही नव्हतं. बाबा आता आपलं काही खरं मानणार नाहीत, आणि आई जाईल ती आपल्या करणीने जाईल, याचं होतं. नोकरीचं पत्र पिशवीत होतं. ते फाडून टाकावं असंही एकदा मनात येऊन गेलं.

दार उघडून बाईंनी तिला आत बोलावलं. टेबलावरच्या अर्जात आता तिसऱ्या चौकोनातही खूण झाली होती.

“कुणी कुणाला गुन्हेगार ठरवायला बसलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “एक नियम फक्त. प्रत्येकजण स्वतःचंच बोलेल. पोचवायचं काम सरांचं.”

बोलकीने स्वतःचं बोलायला तोंड उघडलं आणि तिला आधी काही येईचना. दुसऱ्यांचं बोलायला ती कधी अडखळली नव्हती. शेवटी खाली बघत तिने सांगितलं. सात वर्षांची असतानाची बादली, काकू, सुपरवायझर, मावशीकडचे पंधरा दिवस. सवयीने हातही हलायला लागले तेव्हा सरांनी तिला हळूच खूण केली: तू बोल, हात माझे.

आई रागाने म्हणाली, “म्हणजे मी वीस वर्षं बोलत होते ते पोचतच नव्हतं. आणि मला वाटायचं, यांना सांगून काही उपयोग नाही.”

वडील रागावले नाहीत. ते पुढे झुकून बसले आणि त्यांनी बोलकीलाच विचारलं, ‘वाईट होतं ते तू गाळलंस. कळलं. चांगलं होतं ते कुणाचं होतं?’

बोलकीला प्रश्न कळला होता, तरी तिने सरांच्या तोंडून तो पूर्ण ऐकून घेतला, तेवढाच वेळ मिळाला.

‘दवाखान्यात,’ वडील म्हणाले, ‘मला ऑपरेशनला नेत होते. नऊ वर्षांपूर्वी. आई घाईघाईने काहीतरी म्हणाली. तू सांगितलंस, आई म्हणते तुमच्याशिवाय माझं चालणार नाही. ते तिने म्हटलं होतं का?’

आई त्यांच्याकडे बघत राहिली. हो म्हणणं किती सोपं होतं. एक हो, आणि बाबांच्या मनात आईचं पारडं थोडंसं तरी जड झालं असतं; आई सगळ्यांसमोर नाही म्हणाली नसती. बोलकीची जीभ तिकडे वळलीही होती.

“नाही,” ती म्हणाली. “ते मी घातलं.”

सरांनी एकच खूण केली. वडिलांनी ती पाहिली आणि डोळे मिटून घेतले. त्यांना ऐकणं थांबवायचं असलं की ते असंच करत, पण इतका वेळ त्यांनी कधी मिटले नव्हते. त्यांनी डोळे उघडेपर्यंत सगळे थांबले.

“मी काय म्हणाले होते ते मला आठवतंय,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला होता. “मी विचारलं होतं, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत. यांचे जुने रिपोर्ट कपाटात होते आणि डॉक्टर ते मागत होते. ही म्हणाली, बाबा सांगतायत किल्ली गादीखाली आहे. मी घरी धावत गेले. सगळ्या गाद्या उलट्यापालट्या केल्या. किल्ली नव्हती. शेवटी सांडशीने कपाट फोडलं. तेव्हापासून माझ्या मनात आहे, की मरणाच्या दारात असताना पण या माणसाने मला नीट उत्तर दिलं नाही.”

‘किल्ली माझ्या पाकिटात होती,’ वडील म्हणाले. ‘कुणी विचारलीच नाही.’

“पण तुम्ही हात तर हलवत होतात,” आई म्हणाली. “चांगली दोन मिनिटं. मी हिला म्हटलंसुद्धा, एवढं काय सांगतायत? तर म्हणे, कुठल्या गादीखाली ते नीट सांगतायत.”

वडिलांनी खांदे उडवले. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं. आपण काही बोललो हेही त्यांना आठवत नव्हतं.

आता सगळ्यांनी बोलकीकडे पाहिलं. एका हाताला सलाइन लावलेलं, म्हणून दुसऱ्या एकाच हाताने केलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या खुणा जगात एकाच माणसाने पाहिल्या होत्या, आणि त्या वाचता येणारीही ती एकटीच होती. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ऑपरेशनला जाणाऱ्या बाबांशी किल्लीचं काय बोलायचं, म्हणून तिने आईच्या तोंडी दुसरंच वाक्य घातलं होतं. आईला मात्र किल्लीचं उत्तर हवं होतं. वडील भलतंच काही बोलत होते आणि तिकडे स्ट्रेचर हलायला लागलं होतं. तिने मिळेल ते उत्तर ठोकून दिलं आणि वडिलांचं बोलणं गिळलं. नऊ वर्षं ते तिच्या पोटात पडून होतं.

“बाबा म्हणाले होते,” तिने सुरुवात केली आणि तिला थांबावं लागलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो हातात घेतला, प्यायली नाही. “बाबा म्हणाले होते, ऑपरेशनची मला भीती नाही. मला तुझी भीती वाटते, तू निघून जाशील याची. लग्न झाल्यापासून रोज वाटते. कामावरून घरी येताना मी दारात आधी तुझ्या चपला आहेत का बघतो. असल्या तर मग आत येतो. आज तू असं म्हणालीस, आता नाही बघणार. आता मी सरळ घरात येत जाईन.”

ती बोलत असताना सर ते वडिलांना हातांनी सांगत होते. दुसऱ्या माणसाच्या हातांवर आपलंच जुनं बोलणं वडील पहिल्यांदा पाहत होते. चपलांची खूण आली तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हटल्याचं आठवत नसलं तरी ते खरं होतं.

आईने स्वतःच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

“नऊ वर्षं हे घरात सरळ शिरतात,” ती म्हणाली. “आधी दारात जरा थबकायचे. मला वाटायचं, आता यांना माझं काही राहिलं नाही. आली काय, गेली काय.”

वडिलांचे हात थरथरत होते आणि थरथरत्या हातांनी बोलता येत नाही. आईला ते कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळलेल्या काही थोड्या गोष्टींपैकी ती एक होती. तिने उत्तर मागितलंही नाही.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ संपल्याचं हळू आवाजात सांगितलं. जोडप्याची पुढची वेळ कधीची ठेवायची, कुटुंबाची ठेवायची का, आणि मुलीला वाटलं तर तिला एकटीलाही येता येईल, असं त्या डायरी उघडून म्हणत होत्या. आई मध्येच म्हणाली, “एक मिनिट.”

ती बोलकीकडे वळली. “तू कधी जायचीस?”

“अठरा दिवसांनी.”

“आणखी काय काय आहे तुझ्याकडे?”

“कशाचं?”

“यांचं. माझं. जे पोचलं नाही ते.”

बोलकीने डोळ्यांसमोर वीस वर्षं आणली. “खूप आहे,” ती म्हणाली.

“मग जायच्या आत सगळं सांगून मोकळी हो. नोकरी सोडायची भाषा करू नकोस, मला तोंडावर दिसतंय तुझ्या. मी शुक्रवारी जात नाही. हे सगळं ऐकते, मग जायचं की नाही ते ठरवते.” ती जरा थांबली. “आणि आमच्या चांगल्याचं तेवढं निवडून सांगू नकोस.”

सरांनी ते शब्दही न गाळता वडिलांना सांगितलं. वडिलांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि सगळ्यांना दिसेल अशी होकाराची मान हलवली.